सायनसचं अस्तर जाड दिसतंय: किती मिलीमीटरपासून, कोणत्या स्कॅनवर, आणि अहवालात काय लिहावं?

कोरोनलकट (रेडिओलॉजी, निवासी डॉक्टर)

नमस्कार. डोकेदुखी, चक्कर, अपघात अशा कारणांसाठी डोक्याचा सीटी किंवा एमआरआय होतो आणि मॅक्सिलरी सायनसच्या (गालामागची हवेची पोकळी) तळाशी अस्तर जाड दिसतं. कुठे २ मिमी, कुठे ५ मिमी, कुठे तळाशी गोल फुगवटा. काही जण २ मिमीच्या वरचं सगळं नोंदवायला सांगतात, तर काहींच्या मते ४ मिमीच्या आत असेल तर उल्लेखही नको. नोंदवलं की पुढे ‘सायनुसायटिस’ समजून अँटिबायोटिक सुरू होतं. नोंदवलं नाही आणि नंतर त्याच बाजूला काही निघालं, तर अहवाल अपुरा ठरतो.

माझे प्रश्न असे. जाडी कुठून कुठपर्यंत आणि कोणत्या विंडोवर (पडद्यावर राखाडी छटांत दाखवायच्या घनतेची मर्यादा) मोजायची? साठलेला स्राव आणि जाड अस्तर हे कॉन्ट्रास्ट न देता केलेल्या सीटीवर वेगळे कसे ओळखायचे? एमआरआयवर तेच अस्तर जास्त जाड का वाटतं? दातांसाठी केलेल्या सीबीसीटीवरच्या (कोन-बीम सीटी) जाडीला किती महत्त्व द्यायचं? साधा एक्स-रे अजूनही मागवला जातो, त्याबद्दलही कुणी लिहिलं तर बरं होईल.

---

हाडविंडो (रेडिओलॉजिस्ट)

आधी निरोगी अस्तराबद्दल. मॅक्सिलरी सायनसचं निरोगी अस्तर साधारण १ मिमी किंवा त्याहून पातळ असतं. सीटीवर ते बहुतेक वेळा दिसतच नाही, हाडाला लागूनच हवा सुरू होते. त्यामुळे हाड आणि हवा यांच्यामध्ये राखाडी पट्टी स्पष्ट दिसली, तर अस्तर नेहमीपेक्षा जाड आहे एवढं म्हणता येतं. २ मिमी ही सीमा सर्वाधिक वापरली जाते, कारण त्याखाली पार्शल व्हॉल्यूमचा परिणाम (एकाच ठिपक्यात दोन गोष्टी मिसळणं) आणि मोजणाऱ्याच्या हातातला फरक एवढा असतो की आकड्याला अर्थ उरत नाही. मात्र २ मिमी ही मोजमापाची सीमा आहे, आजाराची नव्हे. निम्मा घोळ या दोन गोष्टी एक धरल्यामुळे होतो.

आता विंडो. सायनस बोन विंडोवरच पाहा: रुंदी २००० ते २५००, पातळी २०० ते ४००. डोक्याच्या सीटीची नेहमीची सॉफ्ट टिश्यू विंडो (रुंदी ३५०, पातळी ४०) लावली, तर उणे १३५ एचयूच्या (हाउन्सफील्ड युनिट, सीटीवर घनता मोजायचं एकक) खालचं सगळं काळं आणि २१५ एचयूच्या वरचं सगळं पांढरं होतं. अस्तराच्या हवेकडच्या कडेला अर्धी हवा आणि अर्धं अस्तर असलेले व्हॉक्सेल (चित्राचे त्रिमित ठिपके) असतात, ते काळ्यात जातात. हाडाकडच्या कडेचे मिश्र व्हॉक्सेल पांढऱ्यात जातात आणि हाड फुगलेलं दिसतं. म्हणजे पातळ अस्तर दोन्ही बाजूंनी खाल्लं जातं. २ मिमीची पट्टी या विंडोवर १ मिमीची दिसू शकते किंवा पूर्ण नाहीशी होऊ शकते. मेंदूच्या ५ मिमी जाडीच्या स्लाइसवर सायनस मोजणं तर सोडूनच द्या. तळ तिरका असतो, जाड स्लाइसमध्ये हाड, अस्तर आणि हवा एकत्र मिसळतात आणि खोटी पट्टी तयार होते.

मोजताना १ मिमी किंवा त्याहून पातळ स्लाइसवरून कोरोनल (समोरून दिसणारे) आणि सॅजिटल (बाजूने दिसणारे) रिफॉरमॅट, म्हणजे पुन्हा रचलेले काप, तयार करा. ज्या भिंतीवर जाडी सर्वाधिक आहे, त्या भिंतीच्या हाडाच्या आतल्या कडेपासून अस्तराच्या हवेकडच्या कडेपर्यंत, हाडाला काटकोनात रेघ ओढा. तिरकी रेघ ओढली की ३ मिमीचे सहज ५ मिमी होतात. इन्फ्राऑर्बिटल नर्व्हचा कालवा, अर्धवट हाडाचा पडदा आणि तळात घुसलेलं दाताचं मूळ यांच्यावरून मोजू नका. अहवालात आकड्यासोबत जागा लिहा: तळ, मागची भिंत, मधली भिंत, की सगळीकडे.

स्राव ओळखायला ॲक्झिअल (आडवे काप) आणि सॅजिटल पाहा. रुग्ण पाठीवर झोपलेला असतो, म्हणून स्राव मॅक्सिलरी सायनसच्या मागच्या भागात साठतो. ॲक्झिअलवर त्याची पुढची कड टेबलाला समांतर सरळ रेघ असते आणि टोकांना भिंतीवर किंचित चढते. कोरोनल रिफॉरमॅटवर मात्र ही पातळी दिसत नाही. पुढच्या कोरोनल चित्रांत सायनस रिकामा आणि मागच्या चित्रांत पूर्ण भरलेला दिसतो. फक्त कोरोनल पाहणारा याला मागच्या भिंतीचं दाट अस्तर म्हणून मोकळा होतो. अस्तराची कड भिंतीच्या वळणाबरोबर जाते, स्रावाची कड गुरुत्वाकर्षणाबरोबर. शंका राहिलीच आणि उत्तराने उपचार बदलणार असतील, तर पालथं झोपवून मोजक्या स्लाइस घ्या, स्राव पुढे सरकेल. स्रावात बुडबुडे किंवा फेस असेल तर आजार ताजा असण्याची शक्यता वाढते. नाकातून नळी घातलेल्या किंवा बरेच दिवस झोपून असलेल्या रुग्णात पातळी दिसणं नेहमीचं आहे, त्यावरून एकदम संसर्ग ठरवू नये.

घनतेचा उपयोग आहे, पण मर्यादित. पाणीदार स्राव ० ते २० एचयूच्या आसपास, सुजलेलं अस्तर साधारण २० ते ४०, घट्ट झालेला स्राव त्याहून वर. हे पट्टे एकमेकांवर चढतात, म्हणून २५ एचयू आलं की स्राव आणि ३० आलं की अस्तर असा निवाडा करता येत नाही. खरा फायदा वरच्या टोकाला आहे. सॉफ्ट टिश्यू विंडोवर सायनसच्या मध्ये पांढरट भाग दिसला तर बुरशी, सुकलेला प्रथिनयुक्त स्राव किंवा रक्त यांचा विचार करा. अपघातातल्या रुग्णात पातळीची घनता ५० ते ७० असेल, तर ते रक्त आहे असं धरून फ्रॅक्चर शोधा. म्हणजे बोन विंडो मोजायला आणि सॉफ्ट टिश्यू विंडो आतला माल ओळखायला. दोन्ही लागतात.

भिंतीचं हाडही पाहा. हाड जाड आणि दाट झालं असेल तर सूज जुनी आहे. हाड पातळ होऊन बाहेर ढकललं गेलं असेल आणि सायनस पूर्ण भरलेला असेल तर म्युकोसील (कोंडलेल्या स्रावाने फुगलेला सायनस). हाड कुरतडल्यासारखं दिसलं तर अस्तराची जाडी किती हा प्रश्नच मागे पडतो.

---

नासामार्ग (कान-नाक-घसा)

हाडविंडो सरांचं ‘मोजमापाची सीमा, आजाराची नव्हे’ हे वाक्य आमच्या ओपीडीत रोज लागतं. त्याला पुढे जोडतो.

नाकाची कसलीही तक्रार नसलेल्या प्रौढांचे सीटी पाहिले, तर साधारण एक तृतीयांशाहून अधिक लोकांत कुठल्यातरी सायनसमध्ये काहीतरी जाडी सापडते. साध्या सर्दीत तर बहुतेकांच्या मॅक्सिलरी सायनसमध्ये बदल दिसतात. १९९४ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आलेल्या अभ्यासात, ताज्या सर्दीच्या रुग्णांपैकी ८७ टक्क्यांच्या सीटीवर मॅक्सिलरी सायनस बिघडलेला होता, आणि दोन आठवड्यांनी पुन्हा पाहिलेल्यांपैकी बहुतेकांमध्ये तो अँटिबायोटिकशिवाय सुधारला होता. म्हणून ताज्या, गुंतागुंत नसलेल्या सायनुसायटिसमध्ये स्कॅन मागवूच नये. व्हायरल आणि बॅक्टेरियल यांत तो फरक करत नाही, आणि आलेलं चित्र अँटिबायोटिकला निमित्त ठरतं.

डोळ्याभोवती सूज, डोळा पुढे आलेला, दोन-दोन दिसणं, नजर कमी होणं, कपाळावर सूज, मान ताठ होणं किंवा असह्य डोकेदुखी असेल तर गोष्ट वेगळी. तिथे त्याच दिवशी कॉन्ट्रास्टसह सीटी, आणि मेंदूपर्यंत पसरल्याची शंका असेल तर एमआरआय.

दीर्घकालीन सायनुसायटिसचं निदान फक्त स्कॅनवर होत नाही. १२ आठवडे किंवा जास्त लक्षणं हवीत. नाक बंद राहणं किंवा स्राव यांपैकी एक तरी हवंच, जोडीला चेहऱ्यावर दाब किंवा वास कमी होणं असू शकतं. त्यावर एंडोस्कोपी किंवा सीटीचा पुरावा. लक्षणं आहेत आणि सीटी पूर्ण स्वच्छ आहे, तर दुखण्याचं कारण सायनसबाहेर शोधायचं. मला सीटीचा सर्वात मोठा उपयोग इथे वाटतो, आणि तोच सर्वात कमी वापरला जातो.

सीटी कधी करायचा यावर बरंच अवलंबून आहे. नुकती सर्दी झालेली असताना केलेला सीटी सर्दीच दाखवतो. तातडी नसेल तर सलाइनने नाक धुणं आणि नाकातला स्टेरॉइड स्प्रे नियमित चालू ठेवून, ताजा भडका शमल्यावर चार ते सहा आठवड्यांनी करा. उपचार करूनही जे उरतं, ते शस्त्रक्रियेच्या निर्णयाला उपयोगी पडतं.

लुंड-मॅके गुण (सीटीवर सायनस किती भरलेत याचे गुण) बहुतेक जण देतात. प्रत्येक बाजूला मॅक्सिलरी, पुढचे इथमॉइड (दोन डोळ्यांमधले), मागचे इथमॉइड, स्फिनॉइड (नाकाच्या मागे खोल) आणि फ्रंटल (कपाळातला): स्वच्छ ०, अर्धवट १, पूर्ण भरलेला २. ऑस्टिओमिएटल कॉम्प्लेक्सला (पुढच्या सायनसच्या निचऱ्याचा सामाईक मार्ग) फक्त ० किंवा २. एकूण २४. तक्रार नसलेल्या प्रौढांतही सरासरी ४ च्या आसपास गुण येतात, म्हणून ४ किंवा त्याखालचा आकडा एकट्याने काही सिद्ध करत नाही. या पद्धतीचा दोष असा की २ मिमीचं अस्तर आणि तीन-चतुर्थांश भरलेला सायनस, दोघांनाही १ च मिळतो. म्हणून गुण द्या, पण सोबत एका ओळीत वर्णनही द्या.

माझ्यासाठी सर्वात महत्त्वाचा शब्द ‘एका बाजूचं’ हा आहे. दोन्ही बाजूंना थोडी थोडी जाडी असेल तर ॲलर्जी किंवा सर्दी असावी म्हणून धीर धरता येतो. एकच सायनस किंवा एकच बाजू भरलेली असेल तर दात, बुरशीचा गोळा, अँट्रोकोएनल पॉलिप (सायनसमधून नाकाच्या मागे उतरणारा), इनव्हर्टेड पॅपिलोमा (आतल्या दिशेने वाढणारी अस्तराची गाठ), इतर गाठ यांची यादी डोळ्यासमोर हवी आणि एंडोस्कोपी झालीच पाहिजे. इनव्हर्टेड पॅपिलोमात गाठ जिथून उगवते तिथलं हाड ठिपक्याएवढ्या भागात दाट झालेलं असतं. ते अहवालात लिहिलंत तर शस्त्रक्रियेत नेमकी तीच जागा घासून काढता येते.

---

मोलरमूळ (दंतचिकित्सा, एंडोडोंटिक्स)

सीबीसीटीबद्दल मी लिहितो. तळापुरतीच मर्यादित, एका बाजूची जाडी आणि खाली पहिली किंवा दुसरी वरची दाढ, हे दिसलं की आधी दाताकडे पाहा. मूळ आणि सायनस यांच्यामध्ये हाड कधी कधी कागदाइतकं पातळ असतं, कधी नसतंच. जाडीचा सर्वात उंच भाग ज्या मुळाच्या बरोबर वर आहे, त्या मुळाच्या टोकाशी काळा भाग आहे का ते तिन्ही प्रतलांत तपासा. साध्या पेरिएपिकल (दाताच्या मुळाच्या) एक्स-रेवर वरच्या दाढांचे हे भाग झायगोमा (गालाचं हाड) आणि सायनसच्या तळाखाली लपतात. ‘एक्स-रेमध्ये दात ठीक आहे’ एवढ्यावर दात निर्दोष धरू नका.

रूट कॅनाल झालेला दात म्हणजे सुरक्षित दात नव्हे. पहिल्या दाढेच्या पुढच्या गालाकडच्या मुळात दुसरा कालवा अनेकदा असतो आणि तो राहून गेलेला असतो. ॲक्झिअल काटछेदात मुळाच्या मध्यभागी भरण दिसण्याऐवजी ते एका बाजूला सरकलेलं दिसलं, तर राहिलेल्या कालव्याचा संशय घ्या. सायनसच्या आत धातूसारखा पांढरा ठिपका असेल तर बाहेर गेलेलं सीलर किंवा गटापर्चा (मुळाचा कालवा भरायचा माल) आहे का पाहा. त्याभोवती बुरशीचा गोळा वाढू शकतो. हिरड्यांच्या आजाराने हाड झिजलेल्या दाढेवरही अस्तर जाड होतं, फक्त मुळाच्या टोकाकडे पाहून थांबू नका.

इम्प्लांटसाठी सायनस लिफ्ट करायची असेल तेव्हा नुसत्या मिलीमीटरपेक्षा ऑस्टियम (सायनसचं नाकात उघडणारं छिद्र) उघडं आहे का हे जास्त मोलाचं. अडचण अशी की ऑस्टियम तळापासून साधारण २५ ते ३० मिमी वर, मधल्या भिंतीत असतं, आणि दातांवर केंद्रित केलेल्या लहान फील्डमध्ये ते येतच नाही. मग अहवाल तळाच्या ४ मिमीबद्दल बोलतो आणि निचरा होतो का याबद्दल गप्प राहतो. सायनस लिफ्टसाठी फील्ड मागवताना ‘ऑर्बिटच्या तळापर्यंत’ (डोळ्याच्या खोबणीच्या तळापर्यंत) असं स्पष्ट लिहा. सपाट, समान जाडी आणि मोकळं ऑस्टियम असेल तर काम सहसा होऊ शकतं. गोलसर, अनियमित किंवा ऑस्टियमपर्यंत चढलेली जाडी असेल तर आधी कान-नाक-घसा तज्ज्ञांचं मत.

तीन तांत्रिक सावधगिऱ्या. सीबीसीटीवरचं ग्रे मूल्य म्हणजे एचयू नव्हे. त्यावरून स्राव, अस्तर की पू हे ठरवू नका. हे स्कॅन बहुतेक बसून किंवा उभं राहून होतं, त्यामुळे स्रावाची पातळी इथे तळाशी आडवी दिसते, मागच्या भिंतीवर नाही. मशीन फिरताना रुग्ण हलला तर हाडाची कड दुहेरी दिसते आणि त्या दोन रेघांमधली जागा अस्तर म्हणून मोजली जाते. तळाची रेघ दुहेरी आहे का हे मोजण्याआधी बघा.

---

टेबलवरचा (रेडिओग्राफर)

चित्र कसं घेतलं यावर वरचं सगळं अवलंबून, म्हणून थोडं आमच्या बाजूचं.

नेहमीच्या सायनस सीटीसाठी कॉन्ट्रास्ट लागत नाही. आत घेण्याआधी नाक शिंकरायला सांगा, कवळी, चष्मा, नथ आणि कानातलं काढून ठेवा. पाठीवर झोपवून, गॅन्ट्री (मशीनचं गोल कडं) न वाकवता, कठीण टाळूला समांतर स्कॅन. वरची हद्द फ्रंटल सायनसच्या वर, खालची हद्द वरच्या दातांच्या मुळांच्या खाली. डोस वाचवायला सायनसच्या तळाशी स्कॅन थांबवणं ही नेहमीची चूक आहे, त्यात दातांची मुळं कापली जातात आणि मोलरमूळ यांनी सांगितलेलं काहीच दिसत नाही. नेव्हिगेशन शस्त्रक्रियेसाठी असेल तर नाकाचं टोक, कपाळ आणि कानही यायला हवेत, आणि डोक्याचा पट्टा कपाळाची कातडी ओढेल असा आवळू नये.

हवा आणि हाड यांच्यात नैसर्गिक फरक एवढा मोठा आहे की थोडा गोंगाट चालतो. म्हणून कमी एमएएसवर (क्ष-किरणांचं प्रमाण) काम भागतं. नेहमीच्या सायनस सीटीचा प्रभावी डोस अर्धा ते एक मिलिसिव्हर्टच्या आसपास, कमी डोसच्या पद्धतीत ०.१ ते ०.२ पर्यंत आणता येतो. तुलनेसाठी, निसर्गातून मिळणारं किरणोत्सर्जन जगात सरासरी वर्षाला २.४ मिलिसिव्हर्ट. बोन कर्नलवर (कडा तीक्ष्ण दाखवणारी चित्रप्रक्रिया) ०.६ ते १ मिमी आणि सॉफ्ट कर्नलवर २ ते ३ मिमी असे दोन संच बनवा. कमी डोसच्या चित्रात एचयू मोजायचं असेल तर सॉफ्ट संचावरच मोजा. बोन संचातल्या गोंगाटाने आकडा इकडेतिकडे उडतो.

एक्स-रे: वॉटर्स व्ह्यू (हनुवटी उचलून समोरून घेतलेलं चित्र) बसवून किंवा उभं करून, किरण आडवा ठेवूनच घ्यावा, नाहीतर पातळी दिसणार नाही. हनुवटी डिटेक्टरला, ऑर्बिटोमिएटल रेघ (डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्यापासून कानाच्या छिद्रापर्यंत) ३७ अंशांत. बरोबर आल्याची खूण म्हणजे पेट्रस हाडाची (आतला कान असलेलं हाड) कड सायनसच्या तळाच्या लगेच खाली पडणं. मान कमी उचलली की ती कड सायनसच्या खालच्या भागावर चढते आणि तिथे अस्तर जाड असल्याचा भास होतो. गालावरची सूज आणि जन्मतः लहान राहिलेला मॅक्सिलरी सायनस यांमुळेही एक बाजू पांढरट दिसते. इथमॉइड आणि स्फिनॉइडबद्दल या चित्रावरून भरवशाचं काही सांगता येत नाही. प्रौढांत मॅक्सिलरीमधली स्पष्ट पातळी दिसली तर ती उपयोगी. बाकी अस्तराची जाडी मोजण्यासाठी हा एक्स-रे मागवू नये असंच मी सांगेन. अल्ट्रासाउंडही तसंच: पुढच्या भिंतीमागे स्राव भरला असेल तर मागच्या भिंतीचा प्रतिध्वनी मिळतो, पण पातळ अस्तर त्यात सुटतं.

---

कोरोनलकट

सगळ्यांचे आभार, सॅजिटल पाहण्याचा मुद्दा एकदम उपयोगी. दोन गोष्टी राहिल्या. एमआरआयवरची सीमा वेगळी धरायची का? आणि लहान मुलांच्या स्कॅनवर काय करावं? शिवाय अहवालातली भाषा कुणी नमुना म्हणून लिहून दिली तर हवी आहे.

---

हाडविंडो

एमआरआय टी२ वर (पाणी चमकदार दाखवणारी चित्रं) सुजलेलं अस्तर चमकतं आणि शेजारचं हाड व हवा दोन्ही काळी असतात, म्हणून थोडीशी सूजही डोळ्यांत भरते. त्यात नाकाचं चक्र. काही तासांच्या अंतराने एका बाजूचं अस्तर फुगतं आणि दुसऱ्या बाजूचं ओसरतं, आणि यात टर्बिनेट (नाकातले मांसल उंचवटे), सेप्टम (नाकाचा मधला पडदा) आणि इथमॉइडचं अस्तर सामील असतं. मॅक्सिलरी, फ्रंटल आणि स्फिनॉइड या चक्रात जवळपास बदलत नाहीत. त्यामुळे इथमॉइडमध्ये ३ मिमीपर्यंतची जाडी एमआरआयवर दिसली आणि लक्षणं नसतील, तर मी ती अहवालाच्या निष्कर्षात आणत नाही. तीच ३ मिमी एका बाजूच्या स्फिनॉइडमध्ये असेल तर नक्की लिहितो. तिथे नैसर्गिक चढउताराचं कारण देता येत नाही आणि शेजारी ऑप्टिक नर्व्ह आणि कॅरोटिड आहेत.

एमआरआयचा सापळा घट्ट स्रावात आहे. स्राव पाणीदार असेल तेव्हा टी१ वर गडद, टी२ वर चमकदार. प्रथिनं वाढत जातात तसा टी१ उजळतो, मग टी२ गडद होतो, आणि स्राव अगदी सुकला की दोन्हीवर काळा. म्हणजे हुबेहूब हवेसारखा. बुरशीचा गोळाही असाच काळा दिसतो. कडेने पातळ चमकदार अस्तर आणि मध्ये काळी ‘हवा’ असं चित्र आलं तर त्याला २ मिमीचं निरुपद्रवी अस्तर म्हणण्याआधी सीटीवर तो भाग भरलेला आहे का ते पाहा. दुसरीकडे, गाठ आणि तिच्यामुळे अडकलेला स्राव वेगळे काढायला एमआरआयसारखं काही नाही: गाठ टी२ वर मध्यम, स्राव बहुधा चमकदार. कॉन्ट्रास्ट दिल्यावर अस्तराची आतली कड पातळ रेघेसारखी उजळते, तिच्याखालची सूज आणि मधला स्राव उजळत नाही. गाठ आतपर्यंत भरीव उजळते.

एक प्रसंग असा आहे जिथे मिलीमीटर पूर्ण विसरायचे. मधुमेह अनियंत्रित आहे, न्यूट्रोफिल खूप कमी आहेत, किंवा अवयव प्रत्यारोपणानंतरची औषधं चालू आहेत, आणि चेहरा दुखतोय किंवा बधिर झालाय. अशा रुग्णात अस्तर २ मिमीच जाड असू शकतं. मॅक्सिलरी सायनसच्या पुढच्या आणि मागच्या भिंतीबाहेरची चरबी पाहा. सीटीवर ती स्वच्छ काळसर न राहता धूसर झाली असेल, तर हाड शाबूत असलं तरी आक्रमक बुरशीचा संशय कळवा. ही बुरशी रक्तवाहिन्यांच्या बाजूने भिंत ओलांडते, हाड मोडायची वाट पाहत नाही. कॉन्ट्रास्टसह एमआरआयवर टर्बिनेट किंवा अस्तराचा तुकडा न उजळता काळा राहिला तर तो मेलेला भाग आहे. अशा वेळी लेखी अहवालावर न थांबता फोन करा.

मुलांत: मॅक्सिलरी आणि इथमॉइड जन्मापासून असतात, स्फिनॉइडमध्ये हवा भरू लागते ती साधारण तिसऱ्या वर्षाच्या आसपास, फ्रंटल चित्रात दिसू लागतो साधारण सहा-सात वर्षांचं झाल्यावर. अजून हवा न भरलेल्या भागाला ‘भरलेला सायनस’ म्हणायची चूक इथे होते. दुसऱ्या कारणाने केलेल्या स्कॅनवर लहान मुलांचे सायनस सुजलेले दिसणं अगदी सामान्य, आणि मूल रडत असेल किंवा नुकती सर्दी झाली असेल तर जास्तच. लक्षणं नसतील तर वर्णन करा, निष्कर्षात आजाराचं नाव नको.

---

नासामार्ग

अहवालाच्या भाषेबद्दल माझी बाजू सांगतो, कारण तो वाचून उपचार ठरवणारे आम्ही. निष्कर्षात ‘सायनुसायटिस’ हे निदान लक्षणं माहीत नसताना लिहू नये. ‘अस्तर जाड’ हे निरीक्षण, ‘सायनुसायटिस’ हा निष्कर्ष.

डोक्याच्या सीटीवर योगायोगाने दिसलेल्या जाडीसाठी असं पुरेल: ‘दोन्ही मॅक्सिलरी सायनसच्या तळाशी अस्तर गुळगुळीत जाड, कमाल ४ मिमी. स्रावाची पातळी नाही. ऑस्टिओमिएटल कॉम्प्लेक्स दोन्ही बाजूंना मोकळे. भिंतींचं हाड नेहमीसारखं. लक्षणं नसल्यास हे आकस्मिक निरीक्षण.’ डोक्याच्या स्कॅनमध्ये खालचा भाग कापला गेला असेल तर ‘सायनसचा खालचा भाग स्कॅनमध्ये नाही’ हे लिहाच. नाहीतर तो पाहून स्वच्छ आढळला असा समज होतो.

तळाशी गोल फुगवटा, कड गुळगुळीत, हाड शाबूत, सायनस भरलेला नाही: ‘रिटेन्शन सिस्ट किंवा पॉलिप, सीटीवर फरक करता येत नाही.’ याला औषध नको आणि पाठपुराव्याचा स्कॅनही नको, तो मोठा होऊन ऑस्टियम अडवत नसेल तर.

एका बाजूचं असेल तेव्हा: ‘उजव्या मॅक्सिलरी सायनसच्या तळाशी ६ मिमी जाडी, पहिल्या दाढेच्या टाळूकडच्या मुळाच्या टोकाशी हाडाचा काळा भाग, मूळ आणि सायनस यांच्यामधलं हाड तुटलेलं. दंतजन्य कारणाची शक्यता. दंततपासणी आणि नाकाची एंडोस्कोपी सुचवतो.’ यात दात कोणता आणि मूळ कोणतं हे लिहिलं की रुग्णाच्या दोन-तीन फेऱ्या वाचतात. दातावर उपचार झाल्यावर अस्तर ओसरायला काही महिने लागतात, म्हणून चार आठवड्यांत पुन्हा सीटी करून ‘तसंच आहे’ म्हणण्यात अर्थ नाही.

किती मिमीपासून नोंदवायचं या वादावर माझं मत हाडविंडो सरांपेक्षा किंचित वेगळं आहे. दोन्ही बाजूंना सारखी २ ते ३ मिमी जाडी असेल तर निष्कर्षात न आणता वर्णनातच ठेवा. एका बाजूला २ मिमी असेल आणि दुसरी बाजू पूर्ण स्वच्छ असेल, तर ती निष्कर्षातही यावी, सोबत दाताबद्दलचं वाक्य घेऊन.

---

हाडविंडो

असममित जाडीचा मुद्दा मान्य. फक्त एक जोडतो: एक बाजू जाड म्हणण्याआधी त्या सायनसचा आकार दुसऱ्या बाजूशी ताडून पाहा. मॅक्सिलरी सायनस आक्रसलेला, भिंती आत ओढलेल्या आणि ऑर्बिटचा तळ खाली आलेला असेल तर सायलेंट सायनस सिंड्रोम आहे. तिथे अस्तराचा आकडा दुय्यम, अडलेलं ऑस्टियम आणि डोळ्याची खाली गेलेली पातळी हे आधी लिहायचं.